चिन्हाविना मतपत्रिका : लॉस एंजेलिसच्या महापौरपदाची लढत, १९६९ आणि १९७३

१/
२७ मे १९६९. लॉस एंजेलिसच्या मतदारांपुढे महापौरपदासाठी दोनच नावे होती : सॅम यॉर्टी आणि टॉम ब्रॅडली. मतपत्रिकेवर कोणाच्याही नावापुढे पक्ष लिहिलेला नव्हता. लिहिला असता तरी फरक पडला नसता, कारण दोघेही डेमोक्रॅट होते. एक श्वेतवर्णीय, दुसरा कृष्णवर्णीय. मतपत्रिकेवरून पक्ष पुसून टाकला की मतदार कशाच्या आधारे निवड करतो? या प्रश्नाचे उत्तर या शहराने चार वर्षांच्या अंतराने दोनदा दिले, आणि दोन्ही वेळा वेगळे दिले.

२/
ही पक्षविरहित पद्धत आली कोठून? विसाव्या शतकाच्या आरंभी कॅलिफोर्नियाच्या राजकारणावर सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीचा आणि तिच्याशी साटेलोटे असलेल्या पक्षपुढाऱ्यांचा पगडा होता. त्याविरुद्ध 'प्रोग्रेसिव्ह' म्हणून ओळखले जाणारे सुधारक उभे राहिले. लॉस एंजेलिसने १९०३ मध्ये निवडून दिलेल्या प्रतिनिधीला माघारी बोलावण्याचा अधिकार मतदारांना दिला. १९०९ मध्ये शहराच्या निवडणुकांतून पक्षांची नावेच हटवली. रस्ते, पाणी आणि गटारे यांना पक्ष नसतो, अशी त्यामागची भूमिका होती.

३/
नियम साधा होता. पहिल्या फेरीत सर्व उमेदवार एकत्र लढणार. कोणाला निम्म्याहून अधिक मते मिळाली तर तो विजयी. अन्यथा पहिल्या दोघांत अंतिम फेरी. कागदावर हा केवळ तांत्रिक तपशील वाटतो. १९६९ मध्ये मात्र साऱ्या निवडणुकीचे भवितव्य याच तपशिलावर फिरले.

४/
सॅम यॉर्टी १९६१ मध्ये महापौर झाले ते बंडखोर म्हणून. त्या काळी शहरातील गृहिणींना पत्र्याचे डबे आणि इतर कचरा वेगवेगळा ठेवावा लागे. हा जाच बंद करण्याचे आश्वासन यॉर्टींच्या प्रचारात गाजले. पोलिसप्रमुख विल्यम पार्कर यांच्यावर टीका करून त्यांनी कृष्णवर्णीय मतदारांचाही पाठिंबा मिळवला होता. सत्तेवर आल्यानंतर मात्र ते त्याच पार्कर यांचे खंदे समर्थक बनले.

५/
ऑगस्ट १९६५ मध्ये वॉट्स या कृष्णवर्णीय वस्तीत उद्रेक झाला. सहा दिवसांत ३४ माणसे मृत्युमुखी पडली. एका वाहनचालकाच्या अटकेचे निमित्त झाले. परंतु पोलिसांची वागणूक, बेकारी आणि घरांबाबतचा वर्णभेद यांचा दारूगोळा आधीपासूनच साठलेला होता. या घटनेनंतर शहरातील प्रत्येक राजकीय प्रश्नाच्या पाठीशी एक न बोललेला प्रश्न उभा राहू लागला : पोलीस कोणाच्या बाजूचे?

६/
टॉम ब्रॅडली यांच्यापाशी या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या आयुष्यातून आलेले होते. गुलामांचा नातू आणि टेक्सासमध्ये दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्या कुटुंबातील हा मुलगा बालपणीच लॉस एंजेलिसला आला. १९४० मध्ये तो पोलीस दलात दाखल झाला. गोरा आणि कृष्णवर्णीय पोलीस एका गस्तीच्या गाडीत बसू शकत नसत, असा तो काळ. १९५० च्या सुमारास लिमर्ट पार्क या वस्तीत घर घेण्यासाठी ब्रॅडली दांपत्याला एका गोऱ्या जोडप्याला मध्यस्थ करावे लागले. एकवीस वर्षांच्या सेवेत ते लेफ्टनंटपदापर्यंत पोहोचले. रात्री अभ्यास करून वकील झाले आणि १९६३ मध्ये सिटी कौन्सिलवर निवडून आले.

७/
१९७० च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या २८ लाखांच्या पुढे होती आणि त्यात कृष्णवर्णीय सुमारे १८ टक्के होते. म्हणजे केवळ 'आपल्या' मतांवर ब्रॅडलींना जिंकणे अंकगणितानेच अशक्य होते. त्यांनी कृष्णवर्णीय मतदार आणि शहराच्या पश्चिम भागातील उदारमतवादी, विशेषतः ज्यू मतदार, यांची आघाडी बांधली. पक्षाचे यंत्र नसल्याने ती घरोघरी जाणाऱ्या स्वयंसेवकांच्या बळावरच उभी राहिली.

८/
१ एप्रिल १९६९ रोजी पहिल्या फेरीचा निकाल लागला. ब्रॅडली ४२ टक्के, यॉर्टी केवळ २६ टक्के. विद्यमान महापौराला चारपैकी जवळजवळ तीन मतदारांनी नाकारले होते. सर्वाधिक मते मिळवणारा विजयी, असा नियम असता तर ब्रॅडली त्याच दिवशी महापौर झाले असते. पण निम्म्याहून अधिक मते आवश्यक होती. आणि यॉर्टींना आठ आठवडे मिळाले.

९/
त्या आठ आठवड्यांत प्रचाराचा विषय शहर राहिलाच नाही. ब्रॅडली पोलीसविरोधी आहेत, त्यांच्याभोवती अतिरेकी आणि कम्युनिस्ट आहेत, ते निवडून आले तर पोलीस मोठ्या संख्येने नोकरी सोडतील, असा धोशा यॉर्टींनी लावला. वातावरण त्यास अनुकूल होते. विद्यापीठांत असंतोष धुमसत होता. मे महिन्यात तर बर्कलीमध्ये आंदोलकांवर गोळीबार झाला. एकवीस वर्षे गणवेश घातलेल्या माणसावर पोलीसद्वेषाचा आरोप होत होता, आणि तो पटवून घेण्यास पुष्कळ मतदार तयार होते.

१०/
येथे एक तुलना उद्बोधक ठरते. १९६७ मध्ये क्लीव्हलंड शहरात कार्ल स्टोक्स हे कृष्णवर्णीय उमेदवार महापौर झाले, तेही दोन हजारांहून कमी मतांनी. तेथे स्टोक्स यांनी आधी पक्षांतर्गत लढत जिंकून डेमोक्रॅट उमेदवारी मिळवली होती. अनेक गोऱ्या डेमोक्रॅटांनी विरोधात मत दिले, पण विजयापुरते काही पक्षासोबत राहिले. ब्रॅडलींच्या पाठीशी अशी ढाल नव्हती. मतपत्रिकेवर नाव होते. त्यामागे कोण उभे आहे हे सांगणारी खूण नव्हती. ती मोकळी जागा यॉर्टींनी भीतीने भरली.

११/
सुमारे तीन-चतुर्थांश नोंदणीकृत मतदारांनी मतदान केले. यॉर्टी ५३ टक्के, ब्रॅडली ४७ टक्के. मतचाचण्या ब्रॅडलींना पुढे दाखवत होत्या. त्या खोट्या ठरल्या. सॅन फर्नांडो खोऱ्यातील गोऱ्या मध्यमवर्गीय वस्त्या यॉर्टींच्या मागे उभ्या राहिल्या. मेक्सिकन वंशाच्या मतदारांतही यॉर्टींनाच कौल मिळाला. वंचितांची एकजूट आपोआप होते, हा भ्रम त्या रात्री दूर झाला.

१२/
ब्रॅडली खचले नाहीत. पुढील चार वर्षे ते कौन्सिलमध्ये काम करत राहिले. १९७३ मध्ये पहिल्या फेरीत माजी विधानसभा अध्यक्ष जेसी अनरू आणि माजी पोलिसप्रमुख टॉम रेडिन हेही रिंगणात होते. अंतिम फेरीत मात्र पुन्हा तीच जोडी आली. या वेळी ब्रॅडलींनी शहराचे प्रश्न हातातून निसटू दिले नाहीत. पॅसिफिक पॅलिसेड्सच्या किनाऱ्यावर तेलविहिरी खोदण्यास यॉर्टी अनुकूल होते, ब्रॅडली विरोधात. यॉर्टींचे सततचे दौरे आणि १९७२ मधील त्यांची राष्ट्राध्यक्षपदाची धडपड यांमुळे महापौर शहरात असतात तरी कधी, हा प्रश्नही होताच.

१३/
यॉर्टींनी जुनेच आरोप पुन्हा बाहेर काढले. पण चार वर्षांत ब्रॅडली हे नाव अनोळखी राहिले नव्हते आणि रस्त्यांवरचा असंतोषही ओसरला होता. २९ मे १९७३ रोजी ब्रॅडली स्पष्ट बहुमताने विजयी झाले. गोऱ्या मतदारांच्या मोठ्या हिश्शाशिवाय हा विजय शक्यच नव्हता. पुढे सलग पाच वेळा निवडून येऊन ते १९९३ पर्यंत, वीस वर्षे, महापौर राहिले. यॉर्टी पराभवानंतर त्याच वर्षी रिपब्लिकन पक्षात गेले.

१४/
मात्र सुधारकांच्या वारशाची दुसरी बाजूही ब्रॅडलींच्या वाट्याला आली. राजकीय हस्तक्षेप नको म्हणून पोलिसप्रमुखाच्या पदाला नागरी सेवेचे संरक्षण होते. महापौर त्याला सहजासहजी हटवू शकत नव्हता. १९९१ मध्ये रॉडनी किंग यांना पोलिसांनी केलेल्या मारहाणीची चित्रफीत जगाने पाहिली, तेव्हा ब्रॅडलींनी पोलिसप्रमुख डॅरिल गेट्स यांनी पायउतार व्हावे अशी मागणी केली. गेट्स यांनी ती धुडकावली. एप्रिल १९९२ मध्ये शहर पुन्हा पेटले. त्यानंतर जूनमध्ये मतदारांनी सनदेत बदल करून हे संरक्षण काढून घेतले.

१५/
१९०९ च्या सुधारकांनी पक्षाचे नाव पुसले. राजकारण पुसता येणार नव्हते. रिकाम्या राहिलेल्या जागी १९६९ मध्ये भीती शिरली आणि १९७३ मध्ये परिचय. मतपत्रिका दोन्ही वेळा सारखीच होती, नावेही तीच होती. बदलला होता तो मतदार आणि उमेदवार यांच्यामधला चार वर्षांचा सहवास.