अवटु संप्रेरकाचे नियमन आणि कर्करोगाचा धोका : परळच्या उपचारपरंपरेच्या निमित्ताने

प्रस्तावना

भिवंडी तालुक्यातील दिघाशीसारख्या गावातल्या रुग्णाच्या हातीही आज ‘टीएसएच’चा आकडा असलेला रक्ततपासणीचा अहवाल असू शकतो. आकडा वाढलेला दिसला, त्यातच गळ्याशी गाठ असली, की कर्करोगाची शंका मनात येते. या शंकेचे एक मूळ उपचारांच्या इतिहासात आहे. प्रस्तुत लेखात त्याचा मागोवा घेतला आहे.

मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच स्रवते आणि त्यामुळे अवटु (थायरॉइड) ग्रंथी थायरॉक्सिन निर्माण करते. थायरॉक्सिन पुरेसे झाले की टीएसएच घटते. आहारात आयोडीन कमी पडले तर टीएसएच वाढत राहते व ग्रंथी फुगते, हाच गलगंड. थायरॉक्सिन 1914 मध्ये केंडाल यांनी वेगळे केले. पुढे 1937 मध्ये इंग्लंडमधील शल्यविशारद डनहिल यांनी अवटु-अर्क दिल्याने काही रुग्णांतील कर्करोग आटोक्यात राहतो, असे मांडले. टीएसएच दाबले की गाठीचे पोषण थांबते, हा विचार त्यातून रूढ झाला.

परळमधील उपचार

मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 मध्ये सुरू झाले. 1962 मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे आले आणि 1963 मध्ये त्याच्याच शेजारी रेडिएशन मेडिसिन सेंटरची स्थापना झाली. हा योगायोग नव्हे. अवटु कर्करोगावर वापरल्या जाणाऱ्या किरणोत्सारी आयोडीन-131 चे अर्धायुष्य अवघे आठ दिवसांचे असते, त्यामुळे त्याचा साठा करून ठेवता येत नाही. ट्रॉम्बे येथे 1956 मध्ये ‘अप्सरा’ व 1960 मध्ये ‘सायरस’ या अणुभट्ट्या कार्यान्वित झाल्या नसत्या, तर परळला हे औषध परदेशी विमानाच्या वेळापत्रकावर अवलंबून मिळाले असते.

या उपचारातील विरोधाभास लक्षणीय आहे. शस्त्रक्रियेने ग्रंथी काढल्यावर रुग्णाला काही आठवडे थायरॉक्सिन दिले जात नसे, कारण टीएसएच चढल्याशिवाय उरलेल्या पेशी आयोडीन शोषून घेत नाहीत. आयोडीन दिल्यानंतर मात्र थायरॉक्सिन गरजेपेक्षा किंचित अधिक देऊन तेच टीएसएच दाबायचे. मधल्या आठवड्यांत रुग्णाला थकवा येतो, चेहऱ्यावर सूज येते, थंडी सहन होत नाही. तशा अवस्थेत खेड्यातून परळपर्यंत येणे किती कठीण, हे सांगावयास नको. वैद्यकाच्या इतिहासात अणुभट्ट्यांना मानाचे पान मिळते, या आठवड्यांना मिळत नाही. टीएसएच इंजेक्शनद्वारे देण्याची सोय पुढे झाली, पण ती महाग आहे.

उपचारावरून कारणाकडे

टीएसएच दाबल्याने रोग आटोक्यात राहतो, म्हणून टीएसएच वाढल्यानेच तो होतो, असे अनुमान सहज केले जाते. त्याला आधार नव्हता असे नाही. आयोडीनरहित आहारावर दीर्घकाळ ठेवलेल्या उंदरांत अवटु ग्रंथीच्या गाठी आढळल्या होत्या. बर्मिंगहॅम येथील संशोधकांनी 2006 मध्ये दाखविले की, गाठ असलेल्या रुग्णांत टीएसएच जितके अधिक, तितकी ती गाठ कर्करोगाची असण्याची शक्यता अधिक. परंतु 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात, ज्यांच्यात जन्मजात टीएसएच कमी ठेवणारी जनुकीय रूपे आहेत त्यांच्यात गलगंड अधिक व अवटु कर्करोगाचा धोकाही अधिक आढळला. असलेली गाठ टीएसएचमुळे वाढणे आणि गाठ मुळात निर्माण होणे, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, असेच यावरून म्हणावे लागते. निर्विवाद कारण म्हणून बालवयातील किरणोत्साराकडेच बोट दाखविता येते. 1986 च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतरचा अनुभव तोच आहे.

दीर्घकाळ टीएसएच दाबून ठेवण्याची किंमतही आता कळली आहे. त्यामुळे हृदयाचे ठोके अनियमित होतात, आणि रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांची हाडे ठिसूळ होतात. म्हणूनच 2015 च्या अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांनी, ज्यांचा रोग कमी जोखमीचा असून उपचाराला उत्तम प्रतिसाद मिळाला आहे, त्यांचे टीएसएच 0.5 ते 2 च्या दरम्यान, म्हणजे निरोगी माणसाच्या मर्यादेतच, राहू द्यावे असे सुचविले.