विंडोजवर युनिक्सच्या सवयी

युनिक्स ही संगणक प्रणाली १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आकारास आली. लहान लहान आज्ञा टंकून त्या एकमेकींना जोडणे, ही तिची कार्यपद्धती. ती एकदा अंगवळणी पडली, की विंडोजवरही बोटे त्याच आज्ञा टंकू लागतात. तेथे मात्र पुष्कळदा नाव तेच आणि काम निराळे असते.

युनिक्समधील 'फाइंड' फाइल शोधते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधील 'फाइंड' फाइलीतला मजकूर शोधते. युनिक्समध्ये ते काम 'ग्रेप'चे. २००६ मध्ये आलेल्या पॉवरशेलमध्ये 'एलएस', 'कॅट', 'आरएम' ही युनिक्सची नावे चालतात. पण ती विंडोजच्या स्वतंत्र आज्ञांची टोपणनावे आहेत. त्यामुळे 'एलएस'पुढे नेहमीचा 'एलए' हा पर्याय जोडताच चूक दाखविली जाते.

दिसणारी चूक सुधारता येते. न दिसणारी अधिक घातक. समजा, जालना जिल्ह्यातील आठ तालुक्यांची नावे पॉवरशेलमधून एका फाइलीत साठविली. विंडोजसोबत येणारी पॉवरशेलची ५.१ आवृत्ती '>' या चिन्हाने फाइल लिहिताना यूटीएफ-१६ ही सांकेतिक पद्धत वापरते. युनिक्सची साधने सहसा यूटीएफ-८ गृहीत धरतात. 'अंबड' हा शब्द पहिल्या पद्धतीत ८ बाइट, तर दुसरीत १२ बाइट जागा घेतो. साहजिकच लिनक्सवर 'ग्रेप'ने त्या फाइलीत 'अंबड' शोधल्यास काहीच हाती लागत नाही आणि चुकीची सूचनाही मिळत नाही. तालुका यादीत असूनही नाही, असाच समज होतो.

युनिक्सची साधने विंडोजवर आणण्याचे मार्ग दोन. १९९५ मध्ये सुरू झालेल्या सिग्विन प्रकल्पात ही साधने विंडोजसाठी नव्याने संकलित केली जातात. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये विंडोज १० वर आणलेल्या 'डब्ल्यूएसएल'मध्ये लिनक्सचे मूळ प्रोग्रॅम चालतात. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत तर लिनक्सचे खरेखुरे कर्नलच आहे.

तथापि, साधने आली तरी आधी लिहिलेल्या फाइली आपोआप बदलत नाहीत. मराठी मजकुराची फाइल इकडून तिकडे नेताना 'फाइल' या आज्ञेने तिची सांकेतिक पद्धत तपासावी आणि गरज पडल्यास 'आयकॉन्व्ह'ने ती यूटीएफ-८ मध्ये बदलावी. पॉवरशेलची ७ वी आवृत्ती वापरल्यास '>' ने लिहिलेली फाइल मुळातच यूटीएफ-८ मध्ये तयार होते.