पश्चिमेची भिंत

खामगावला आमचे नवे घर बांधणे चालू होते. आईच्या खोलीला पश्चिमेकडे मोठी, सरकत्या काचांची खिडकी ठरली होती. चौकटही येऊन पडली. आई एवढेच म्हणाली, "जुन्या घरच्या त्या भितीले खिडकी काहून नव्हती, हे पहिले पाहा."

पाहिले. जुने घर धाब्याचे, जाड मातीच्या भिंतींचे. पश्चिमेची भिंत कोरी, फक्त वर एक झरोका. सागवानी, दोन फळ्यांच्या खिडक्या होत्या त्या उत्तर-दक्षिणेला, समोरासमोर. वऱ्हाडातला मे महिना पंचेचाळीस अंशांपर्यंत तापतो. डोक्यावरचा सूर्य छज्जा अडवतो. पश्चिमेला कललेले ऊन मात्र छज्ज्याखालून थेट आत शिरते.

१८७० मध्ये कापसासाठी जलंब-खामगाव रेल्वे सुरू झाली. उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. त्या काळी साहेबलोक दारे-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारवीत. आपला कूलर हे त्याच युक्तीचे यंत्र! मात्र कूलरची दमट हवा बाहेर जायला दुसरी खिडकी उघडी हवी. आणि सरकती खिडकी तर एका वेळी अर्धीच उघडते.

आम्ही पश्चिमेला झरोका ठेवला आणि उत्तर-दक्षिणेला दोन पाखांच्या खिडक्या बसवल्या. आणलेल्या चौकटीचे पैसे बुडाले. पण त्यानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात आई भर दुपारी त्या खोलीत शांत झोपली होती.