एग्मोरची वेळ आणि विमानप्रवाशाची झोप

मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, या शहरातील एग्मोर हे नाव आपल्याकडील प्रवाशाला ठाऊक असते ते तेथील रेल्वेस्थानकामुळे. तांबड्या रंगाची आणि घुमटांची ही भव्य वास्तू १९०८ साली उघडली. रामेश्वराकडे आणि एके काळी धनुष्कोडीमार्गे सिंहलद्वीपाकडे जाणारे यात्रेकरू येथूनच गाडीत बसत. परंतु प्रवासाच्या इतिहासात एग्मोरचे स्थान या स्थानकाहून सुमारे सव्वाशे वर्षांनी जुने आहे. आज लांब पल्ल्याच्या विमानातून उतरलेला मनुष्य भर दुपारी पेंगत असतो आणि मध्यरात्री टक्क जागा राहतो. त्याच्या या दुःखाची वंशावळ शोधू गेल्यास तिचे एक टोक एग्मोरमध्येच सापडते.

१७८६ साली विल्यम पेट्री नावाच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या एका अधिकाऱ्याने एग्मोर येथील आपल्या राहत्या जागी एक लहानशी खाजगी वेधशाळा उभारली. लोखंड व लाकूड यांचे ते साधे बांधकाम होते. आत दुर्बिणी होत्या आणि नेमकी वेळ दाखविणारी लंबकाची घड्याळे होती. ही हौस कंपनीच्या उपयोगाची होती, कारण कोरोमंडल किनाऱ्यावर जहाजे आदळून फुटत आणि किनाऱ्यावरील स्थळांचे अक्षांश-रेखांश निश्चितपणे कोणालाच ठाऊक नव्हते. पेट्रीने मायदेशी जाताना ही साधने कंपनीच्या हवाली केली. मायकेल टॉपिंग याच्या देखरेखीखाली १७९२ साली जवळच्याच नुंगंबाक्कम येथे सरकारी वेधशाळा बांधून तयार झाली. तिच्यातील उपकरणे ज्यावर बसविली होती तो दगडी स्तंभ तेथील हवामान केंद्राच्या आवारात उभा आहे.

या वेधशाळेतील जॉन गोल्डिंगहॅम याने गुरूच्या उपग्रहांच्या ग्रहणांचे वेध घेऊन मद्रासचे रेखांश ठरविले आणि १८०२ साली मद्रासची वेळ निश्चित केली. ग्रिनिचच्या पुढे ५ तास २१ मिनिटे १४ सेकंद, अशी ती होती.

येथे आपल्या परंपरेचे एक स्मरण करणे उचित होईल. गाव बदलले की वेळ बदलते, ही गोष्ट आपल्या ज्योतिष्यांना नवी नव्हती. लंका, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र यांवरून जाणारी दक्षिणोत्तर रेषा त्यांनी मध्यरेषा मानली होती. तिच्या पूर्वेस वा पश्चिमेस असलेल्या गावासाठी ग्रहगणितात जी दुरुस्ती करावी लागे तिला ते देशांतर म्हणत. एकच चंद्रग्रहण दोन गावी वेगवेगळ्या घटिकांना दिसते, यावरून हे देशांतर काढण्याची रीत सूर्यसिद्धांतात सांगितली आहे. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० साली रचलेला ग्रहलाघव हा ग्रंथ पुढे कित्येक पिढ्या आपल्या पंचांगांचा आधार होता, आणि त्या पंचांगकर्त्यांनाही देशांतराचा हिशेब अंगवळणी पडलेला होता. गाव तितक्या वेळा, हाच सृष्टीचा नियम होता. पैठणचा माध्यान्ह पैठणचा आणि तंजावरचा तंजावरचा. बैलगाडीच्या वा घोड्याच्या गतीने जाणाऱ्या मनुष्याला देशांतर बाधत नसे, कारण तो जेथे मुक्काम करी तेथील सूर्य त्याला हळूहळू आपलासा करून घेई.

हा नियम मोडला तो आगगाडीने. मुंबई ते ठाणे ही गाडी १८५३ साली धावली. १८७० साली मुंबई-कलकत्ता आणि १८७१ साली रायचूरमार्गे मुंबई-मद्रास असे लोहमार्ग जोडले गेले. आता वेळापत्रकात प्रत्येक स्थानकाची वेळ निराळी ठेवून चालेना. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे, तर कलकत्त्याची सुमारे ५ तास ५३ मिनिटे. मद्रासची वेळ साधारणतः या दोहोंच्या मधली होती, शिवाय तेथे तारायंत्राने देशभर वेळेचा संकेत पाठविणारी वेधशाळा होती. म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ पत्करली. एग्मोरच्या एका बंगल्यात सुरू झालेला कालमापनाचा उद्योग अशा रीतीने मुंबईच्या बोरीबंदरापर्यंत येऊन पोहोचला. मुंबईच्या माणसाला घरी एक वेळ आणि फलाटावर दुसरी वेळ पाळावी लागू लागली, आणि या दोहोंत अर्ध्या तासाचे, म्हणजे आपल्या जुन्या मापाने सव्वा घटकेचे अंतर होते.

पुढे जे घडले ते मुंबईच्या इतिहासातील एक मनोरंजक प्रकरण म्हणून सांगितले जाते. १८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांना मद्रासची वेळ लावली. शहरात इतका असंतोष माजला की १८८३ साली सरकारला माघार घ्यावी लागली. १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंश रेखांशावरील, ग्रिनिचच्या पुढे साडेपाच तास असणारी भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. मद्रासला तिच्यामुळे जेमतेम ९ मिनिटांचा फरक पडला, मुंबईला मात्र ३९ मिनिटांचा. त्याच महिन्यात मुंबईच्या गिरणीकामगारांनी या फरकाविरुद्ध दंगा केला. महानगरपालिकेनेही आपली घड्याळे मुंबईच्या वेळेवरच ठेवली, आणि ती प्रमाणवेळेवर आली ती १९५५ साली, स्वराज्य येऊन आठ वर्षे लोटल्यावर.

या हट्टाचे हसू येणे सोपे आहे. त्यात परकीय सत्तेविषयीचा रोष होता, आणि शहराचा अभिमानही होता, हे खरे. परंतु गिरणीकामगाराची तक्रार राजकीय असली तरी तिचा पाया शारीरिक होता. घड्याळ ३९ मिनिटे पुढे गेले म्हणजे भोंगा तितकाच लवकर वाजणार आणि पौष-माघातील अंधारात तितकेच लवकर उठावे लागणार. सूर्य मात्र पूर्वीच्याच वेळी उगवणार. घड्याळ हुकमाने पुढे सरते, झोप हुकमाने पुढे सरत नाही, हे त्या कामगाराने ओळखले होते. विज्ञानाला ते सप्रमाण सांगता येण्यास आणखी बराच काळ जावा लागला.

त्या विज्ञानाचा आरंभ एका लाजाळूच्या रोपापासून झाला असे मानतात. १७२९ साली द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने अशा रोपाला काळोखात ठेवले, तरीही त्याची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. यावरून सूर्य दिसला नाही तरी सजीवाच्या आत दिवसाची मोजणी चालू असते, असे सूचित झाले. पुढे जर्मनीत आशॉफ या शास्त्रज्ञाने १९६० नंतरच्या दशकात माणसांना घड्याळ व सूर्यप्रकाश यांवाचून तळघरात ठेवून पाहिले, तेव्हा मनुष्यातही हे घड्याळ असल्याचे दिसले. १९७२ साली त्याची जागा सापडली. दोन्ही डोळ्यांकडून येणारे मज्जातंतू मेंदूच्या तळाशी जेथे परस्परांना ओलांडतात, त्याच्या किंचित वर पेशींचे दोन इवलेसे पुंजके असतात, तेच हे घड्याळ. त्याचा दिवस सरासरीने २४ तासांहून थोडा मोठा असतो. डोळ्यांत शिरणारा उजेड त्याला रोज चावी देऊन सूर्याशी जुळवितो. या घड्याळाचे पेशींतील यंत्र उलगडल्याबद्दल २०१७ साली तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले.

तमिळनाडूनेही या शास्त्राला एक सुंदर भर घातली आहे. मदुरेच्या कामराज विद्यापीठातील एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८१ साली वटवाघळांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. गुहेच्या गडद काळोखात पिंजऱ्यात ठेवलेली वटवाघळे भोवतीच्या मुक्त थव्याच्या सहवासात असली की त्यांची वेळ अचूक राही, कारण थवा संध्याकाळी बाहेर पडे आणि पहाटे परते. सहवास नसला की त्यांची वेळ दिवसेंदिवस भरकटत जाई. उजेडाप्रमाणे शेजारही सजीवाला वेळ शिकवितो, असा याचा अर्थ.

आता विमानाकडे वळू. आगबोटीतून विलायतेला जाणाऱ्याला अडीच-तीन आठवडे लागत. रोज पंधरावीस मिनिटे घड्याळ मागे घेत तो निघे, आणि इतका बदल शरीर सहज पचवी. १९३१ साली वायली पोस्ट आणि त्याचा सहकारी यांनी पावणेनऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्या उड्डाणापूर्वी पोस्टने भलत्याच वेळी झोपण्याचा सराव केला होता. जेटच्या युगापूर्वीच या दुखण्याची चाहूल त्याला लागली होती, असे म्हणावे लागेल. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाच्या मलबार प्रिन्सेसने मुंबईहून कैरो-जिनीव्हामार्गे लंडनकडे पहिले उड्डाण केले. मे १९६० मध्ये त्याच कंपनीची बोइंग ७०७ जातीची जेट विमाने न्यूयॉर्कला जाऊ लागली. १९६६ साली अमेरिकन वृत्तपत्रात ‘जेट लॅग’ हा शब्द अवतरला.

योगायोग असा की मुंबईने आपली वेळ सोडल्याला १९६० साली पुरती पाच वर्षेच झाली होती. ३९ मिनिटे गिळायला ज्या शहराला ४९ वर्षे लागली, त्याच शहराचा रहिवासी आता एका दिवसात साडेदहा तासांचे देशांतर करू लागला.

शरीर साधारणपणे दिवसाला एक तास या गतीने नव्या वेळेशी जुळते. त्याचा स्वाभाविक दिवस किंचित मोठा असल्यामुळे पश्चिमेकडे जाणे, म्हणजे दिवस लांबविणे, त्याला सोपे जाते. पूर्वेकडे येणे, म्हणजे वेळेआधी झोपणे, त्याला जड जाते. मुलांना भेटण्यासाठी अमेरिकेला जाणाऱ्या आपल्याकडील आईवडिलांना याचा अनुभव असतो. जाताना जे चार-सहा दिवसांत निभते ते परतल्यावर आठवडाभराहून अधिक छळते. यावर जालीम औषध नाही, पण शहाणपणाची वागणूक आहे. पोहोचताच तेथल्या वेळेला जेवावे. दुपारी झोप अनावर झाली तर अर्ध्या तासाहून अधिक झोपू नये. खोलीचे पडदे ओढून पडून राहण्यापेक्षा उजेडात हिंडावे आणि माणसांत बसावे. पश्चिमेला गेलेल्याला सायंकाळचा उजेड साह्य करतो. न्यूयॉर्कहून इकडे परतलेल्याने मात्र पहिले एकदोन दिवस सकाळच्या उन्हाऐवजी दुपारचे ऊन घ्यावे, कारण मुंबईच्या सकाळी त्याच्या शरीरात अजून आदली रात्र चालू असते, आणि त्या वेळचा उजेड त्याचे घड्याळ उलट्या दिशेला ढकलतो. विमानात पाणी पीत राहावे आणि अधूनमधून पाय मोकळे करावेत. मधुमेहाच्या वा अन्य नियमित औषधांच्या वेळा निघण्यापूर्वीच वैद्याला विचारून ठराव्यात, आणि झोपेची औषधेही त्यांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत.

विमानातून उतरणाऱ्याचे दुःख काही दिवसांत संपते, हे त्याचे भाग्य. ज्यांचे संपत नाही असे पुष्कळ लोक आज आपल्यात आहेत. चेन्नईत वा पुण्यात राहून परदेशी ग्राहकांशी रात्रभर बोलणारे तरुण, रुग्णालयातील परिचारिका, रात्रपाळीचे कामगार, हे सर्व विमानात पाऊल न ठेवता कायमचे देशांतर भोगीत असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००७ साली, आणि पुन्हा २०१९ साली, रात्रपाळीचे काम मनुष्याला संभाव्यतः कर्करोगकारक ठरविले. त्या कामाचा मोबदला ठरविताना देह जी किंमत मोजतो तिचा हिशेब मांडला जात नाही.

वेळ एकसारखी केल्यावाचून आगगाडी धावली नसती आणि विमानही उडाले नसते. एग्मोरच्या त्या लहानशा वेधशाळेचे ऋण आपण मान्य केलेच पाहिजे. परंतु तेथे ठरली ती घड्याळाची वेळ. मनुष्याच्या देहातील वेळ आजही सूर्य आणि शेजारी मिळूनच ठरवितात. यंत्राच्या सोयीसाठी जेव्हा जेव्हा आपण त्या दुसऱ्या वेळेला हात घालतो, मग तो अर्ध्या तासाने असो की दहा तासांनी, तेव्हा त्या बदलाचा भार कोणाच्या अंगावर पडणार, हे आधी विचारले पाहिजे. १९०६ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरणीकामगारांनी हेच विचारले होते, आणि तो प्रश्न आजही शिळा झालेला नाही.