कैद्याचा पैसा, कोणाचा धंदा?



फौजेत जवानाचा पगार घरी पोहोचतोय ना, याकडे आम्हा अधिकाऱ्यांचं लक्ष असे. घरची चूल पेटली की माणूस इथे शांत राहतो. तुरुंगातल्या माणसाचंही तेच.

१७७३ साली जॉन हॉवर्ड इंग्लंडमध्ये बेडफर्डशायरचे शेरीफ झाले. तिथल्या जेलरला पगार नव्हता. तो कैद्यांकडून फी घेई. निर्दोष सुटलेला माणूसही फी भरेपर्यंत आतच! हॉवर्ड यांनी संसदेपुढे साक्ष दिली आणि १७७४ मध्ये कायदा करून हे बंद झालं.

पण फी वेष बदलून परत आली. अमेरिकेत सरकारांनी कैद्यांच्या पैशांचे व्यवहार खासगी कंपन्यांना दिले. 'जेपे' ही त्यातली मोठी कंपनी. सुटताना कैद्याला त्याचेच पैसे कार्डावर मिळत आणि त्यातून शुल्क कापलं जाई. २०२१ मध्ये तिथल्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने कंपनीला ग्राहकांसाठी ४० लाख डॉलर आणि २० लाख डॉलर दंड भरायला लावला.

आता आपलं येरवडा. १ मे २०२२ रोजी तिथे 'जिव्हाळा' योजना सुरू झाली. महाराष्ट्र राज्य सहकारी बँक कैद्याला ५० हजारांपर्यंत कर्ज देते. व्याज ७ टक्के. जामीनदार नको, तारण नको. हप्ता तुरुंगातल्या मजुरीतून. पैसा मुलांच्या शिक्षणाला, वकिलाला, घरच्या आजारपणाला.

व्याज इथेही आहे. पण कर्ज घ्यायचं की नाही, हे कैदी ठरवतो; कार्ड मात्र गळ्यात मारलं जात होतं. कैदी दुसऱ्या बँकेत जाऊ शकत नाही, मंडळी. म्हणून करारावर सही करताना सरकारने आधी विचारावं: शुल्क कोणाच्या खिशातून?