थोडी शक्ती, स्वच्छ आवाज : हेडफोनची हकिकत

मंडळी, रेडिओ म्हटला की वीज हवी, नाहीतर निदान बॅटरी तरी हवी, असे आपण धरून चालतो. पण वीज नाही, बॅटरी नाही आणि तरीही गाणी अन् बातम्या ऐकू येतात, असा रेडिओ १९२० नंतरच्या काळात युरोप-अमेरिकेत पुष्कळ घरांतून होता. त्याचे नाव क्रिस्टल सेट. त्याला लागणारी सारी शक्ती एरियलच्या तारेवर येणाऱ्या रेडिओलहरींतूनच मिळे. ही शक्ती इतकी अल्प, की तिच्याने मोठा कर्णा काही वाजला नसता. मग ऐकणाऱ्याला शब्द न् शब्द कसा समजे? त्याचे उत्तर कानाला लावायच्या हेडफोनमध्ये आहे.

आधी सेटची रचना पाहू. एक लांब एरियल, जमिनीत नेलेली अर्थची तार, तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि गॅलेना नावाच्या शिशाच्या खनिजाचा एक खडा, एवढेच सामान. खड्यावर बारीक तारेचे टोक टेकवायचे. तेथून प्रवाह एका दिशेने सहज जातो, उलट दिशेने जवळजवळ जात नाही. त्यामुळे रेडिओलहरींवर बसून आलेला आवाज वेगळा काढता येतो. अशा गॅलेनाच्या उपकरणासाठी आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १९०१ साली अमेरिकेत पेटंटचा अर्ज केला आणि १९०४ साली ते त्यांना मिळाले.

आता हेडफोन उघडून बघा. आत एक कायमचा लोहचुंबक, त्यावर तारेचे वेटोळे आणि समोर लोखंडाची पातळ चकती. वेटोळ्यातून प्रवाह कमीजास्त झाला की चकतीवरची ओढ कमीजास्त होते, चकती थरथरते आणि आवाज निघतो. ही ओढ दोन गोष्टींवर अवलंबून असते : प्रवाह किती आणि तारेचे वेढे किती. प्रवाह वाढवणे आपल्या हातात नाही, पण वेढे वाढवणे आहे. म्हणून कारागिरांनी केसासारखी बारीक तार घेऊन हजारो वेढे घातले. अशा जोडीचा रोध दोन हजार ते चार हजार ओहम भरे. वासराच्या मानेवर थोराड बैलाचे जू ठेवून चालत नाही. वासराला पेलेल असेच जू करावे लागते. तसाच हा प्रकार.

या कामात अमेरिकेतील युटा राज्याच्या नॅथॅनियल बाल्डविनचे नाव घ्यावे लागते. १९१० साली त्याने घरच्या स्वयंपाकघरात बनवलेले हेडफोन आरमाराकडे पाठवले. त्यात लोखंडाची लहान पट्टी चुंबकांच्या मधोमध तोलून धरलेली होती आणि ती अभ्रकाच्या पातळ पडद्याला जोडलेली होती. चकती सतत चुंबकाकडे ताणलेली न राहिल्यामुळे अगदी क्षीण प्रवाहानेही पडदा हले. आरमाराने परीक्षा घेतली आणि मागणी नोंदवली. पण त्याच्या घरात एका वेळी दहाच नग होत. तोलून धरलेल्या पट्टीची ही युक्ती आजही श्रवणयंत्रांत वापरली जाते.

आपल्याकडे २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. त्याची शक्ती दीड किलोवॉट होती. केंद्राच्या जवळपास राहणाऱ्याला क्रिस्टल सेट पुरत असे. एकाच हेडफोनवर चारचौघांना ऐकायचे असेल, तर तो चिनी मातीच्या वाडग्यात ठेवावा, ही युक्ती त्या काळी परदेशात सर्रास करीत.

या साध्या साधनाची खरी किंमत १९४४ साली कळली. इटलीतील आन्झिओ येथे दोस्त सैनिक खंदकांत अडकून पडले होते. काही प्रकारचे व्हॉल्व्हचे सेट स्वतःच थोड्या लहरी बाहेर टाकतात आणि त्यावरून शत्रूला ठिकाण कळण्याचा धोका असतो. तेव्हा सैनिकांनी दाढीचे पाते, सेफ्टी पिन, पेन्सिलीतले शिसे आणि तारेचे वेटोळे यांतून सेट उभा केला. बाकी सारे इकडूनतिकडून जमवता आले, पण चांगला हेडफोन मात्र हातांनी बनवण्यासारखा नव्हता. तो मिळवावाच लागे.

तुम्ही म्हणाल, हे आज कशाला? तर १९७९ साली जपानच्या सोनी कंपनीचा वॉकमन निघाला, तेव्हा प्रश्न उलटा झाला. दोन लहान सेल म्हणजे तीनच व्होल्ट. एवढ्या कमी दाबाने मोठ्या रोधातून पुरेसा प्रवाह जाईना. म्हणून रोध कमी हवा. त्याचबरोबर वजनही घटले आणि सुमारे ५० ग्रॅमचा हेडफोन आला. आजच्या मोबाईलच्या इयरफोनचा रोध बहुधा १६ किंवा ३२ ओहम असतो, तो याच कारणाने. तोच इयरफोन क्रिस्टल सेटला सरळ जोडला तर जवळजवळ काहीच ऐकू येणार नाही. मध्ये योग्य ट्रान्सफॉर्मर घालावा लागेल.

गुरुजनहो, मिडियम वेव्हचे केंद्र जवळ असेल आणि चालू असेल, तर हा प्रयोग वर्गात जरूर करावा. एरियल विजेच्या तारांपासून दूर बांधावी आणि ढग गडगडू लागताच काम थांबवावे. हेडफोन कानावर नीट बसवावा. फट राहिली की खर्जातला आवाज निसटतो. मग मुलांना दोन्ही प्रकारचे हेडफोन आळीपाळीने लावून ऐकू द्या. आवाज लहान आला की शक्ती वाढवायची, हा पहिला विचार झाला. त्याआधी जोड जमली आहे का हे पाहायचे, एवढे त्यांना त्यातून आपोआप कळेल.