बाँडचे केस आणि ‘मूळ’ संहिता

ऑक्टोबर २००५ मध्ये डॅनियल क्रेगची जेम्स बाँडच्या भूमिकेसाठी निवड जाहीर होताच चाहत्यांच्या एका गटाने बहिष्काराची हाक दिली. सोनेरी केसांचा बाँड हा त्यांना मूळ व्यक्तिरेखेशी द्रोह वाटला. आक्षेप निराधार नव्हता. इयान फ्लेमिंगचा बाँड काळ्या केसांचाच आहे. परंतु ‘मूळ’ म्हणून जपली जात होती ती प्रतिमा प्रामुख्याने १९६२ नंतरच्या शॉन कॉनरीची, आणि ही निवड प्रारंभी खुद्द फ्लेमिंगलाच रुचली नव्हती! पुढे त्याचे मत पालटले. १९६४ च्या कादंबरीत त्याने बाँडला स्कॉटिश पिता दिला, तो कॉनरीचाच प्रभाव मानला जातो. म्हणजे संहिताच पडद्याच्या मागे गेली. २००६ चा ‘कॅसिनो रोयाल’ मात्र, छळाच्या प्रसंगासह, १९५३ च्या पहिल्या कादंबरीकडे परतला. प्रदर्शनानंतर विरोध बराच मावळला.